हा आवाज आमचाच!

मुलांनो, आज सुरुवातीलाच एक कोडं घालते. कोलकात्याच्या ईडन गार्डनवर झालेला क्रिकेटचा सामना आणि तेलंगणातल्या एका खेड्यात ज्वारी-बाजरी पेरणाऱ्या बाया, या दोघांचा एकमेकांशी काय संबंध?

काहीच नाही, असं म्हणाल. मी पण आधी तसंच म्हटलं असतं. पण संबंध आहे, आणि तो चांगला घट्ट आहे! या सामन्यांवरून सुरू झालेल्या एका भांडणामुळेच पुढे त्या बायांना स्वतःचा रेडिओ मिळाला. स्वतःचा म्हणजे दुकानातून विकत आणलेला रेडिओ नव्हे बरं का. स्वतःचं रेडिओ केंद्र! बोलणाऱ्या त्याच, गाणाऱ्या त्याच, यंत्रं चालवणाऱ्याही त्याच.

आज या रेडिओची गोष्ट ऐकू या.

ऐकायचं सगळ्यांनी, बोलायचं कुणी?

आपल्या देशात रेडिओ म्हटलं की पूर्वी एकच नाव होतं, आकाशवाणी. तुमच्या आजी-आजोबांना विचारा. सकाळच्या बातम्या, शेतकऱ्यांसाठीचे कार्यक्रम, बाजारभाव, पाऊसपाण्याचा अंदाज, नाटकं, भावगीतं, सगळं त्या एका खोक्यातून यायचं. गावात एखाद्याच घरी रेडिओ असायचा आणि त्याच्या ओट्यावर निम्मी आळी जमायची.

या ऐकण्यातून काही शिकता येईल का, याचा एक मोठा प्रयोग आपल्या महाराष्ट्रातच झाला होता. साल १९५६. पुणे आकाशवाणीवरून आठवड्यातून दोनदा, अर्ध्या अर्ध्या तासाचे, एकूण वीस कार्यक्रम झाले. पुणे, नगर, नाशिक, कोल्हापूर आणि तेव्हाचा उत्तर सातारा अशा पाच जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत गावकऱ्यांची 'रेडिओ शेती मंडळं' काढली होती. मंडळातली माणसं संध्याकाळी एकत्र बसत, कार्यक्रम ऐकत आणि लगेच त्यावर चर्चा करत. शंका असतील त्या लिहून पुण्याला पाठवत, आणि पुढच्या कार्यक्रमात त्यांची उत्तरं मिळत. 'ऐका, चर्चा करा, कृती करा' असं त्या प्रयोगाचं सूत्र होतं. युनेस्को या जागतिक संस्थेची त्याला मदत होती. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेतल्या पॉल न्यूराथ नावाच्या अभ्यासकाने या गावांचा अभ्यास केला. नुसता रेडिओ ऐकणाऱ्या गावांपेक्षा, ऐकून चर्चा करणाऱ्या गावांतली माणसं कितीतरी जास्त शिकली, असं त्यांना दिसलं.

म्हणजे पाहा, ऐकण्याबरोबर बोलणंही आलं की माणूस जास्त शिकतो. वर्गात नाही का, प्रश्न विचारणाऱ्या मुलाला धडा जास्त लक्षात राहतो!

पण यातही माइक होता तो शहरातल्या केंद्रातच. गावाने पत्र लिहायचं आणि उत्तराची वाट बघायची. गावातल्या माणसाने थेट माइकसमोर बसून गावाशी बोलावं, असं तेव्हा शक्य नव्हतं. कारण हवेतून आवाज पाठवण्याचा हक्क फक्त सरकारकडे होता.

क्रिकेटचं भांडण कोर्टात

आता आपल्या कोड्याकडे येऊ.

१९९३ साली हीरो कप नावाची क्रिकेट स्पर्धा झाली. बंगालच्या क्रिकेट संघटनेने सामने टीव्हीवर दाखवण्याचे हक्क एका परदेशी कंपनीला दिले. दूरदर्शन म्हणालं, असं कसं? भारतातून प्रक्षेपण करायचा अधिकार आमचाच. बाचाबाची वाढली आणि प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं.

सामने झाले, कप भारताने जिंकला, लोक विसरूनही गेले. पण कोर्टातला खटला चालूच राहिला. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी त्याचा निकाल लागला. निकाल देणाऱ्या न्यायमूर्तींमध्ये आपले मराठी न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते.

निकालात एक फार मोलाची गोष्ट सांगितली होती. ज्या लहरींवरून रेडिओ-टीव्हीचा आवाज आणि चित्र येतं त्या हवेतल्या लहरी ना सरकारच्या मालकीच्या, ना कुणा कंपनीच्या. त्या जनतेच्या आहेत. त्यांचा वापर जनतेच्या भल्यासाठी व्हायला हवा.

नदीचं पाणी जसं सगळ्यांचं, तशा या लहरीही सगळ्यांच्या. भांडण होतं श्रीमंत क्रिकेट संघटनेचं, पण निकालाने दार उघडलं ते गोरगरिबांसाठी. दार पुरतं उघडायला मात्र आणखी बरीच वर्षं लागली.

पस्तापूरच्या बाया

सोलापूरहून हैदराबादला जाणाऱ्या रस्त्याने निघालात की उमरगा मागे पडतं, मग कर्नाटकातलं हुमनाबाद येतं आणि पुढे तेलंगणाच्या हद्दीत झहीराबाद लागतं. त्या भागात पस्तापूर आणि माचनूर नावाची गावं आहेत. पूर्वी हा मेदक जिल्हा होता, आता संगारेड्डी. पाऊस बेताचा आणि जमीन बरीचशी हलकी, मुरमाड. आपल्या मराठवाड्यातल्या मुलांना हे चित्र ओळखीचं वाटेल.

इथे १९८३ पासून 'डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी' नावाची संस्था काम करते. संस्थेने गावोगावी बायांचे 'संघम' उभे केले. संघम म्हणजे आपल्याकडच्या महिला मंडळासारखं मंडळ. यातल्या बहुतेक बाया दलित समाजाच्या, हातावर पोट असणाऱ्या, दुसऱ्याच्या शेतात राबणाऱ्या. शाळेचं तोंड फार थोड्यांनी पाहिलेलं.

संघमच्या जोरावर बायांनी पडीक जमिनी लागवडीखाली आणल्या. एकाच शेतात ज्वारी, तूर, राळा, मूग, जवस अशी मिसळीची पिकं घेतली. कारण साधं आहे. पाऊस कमी झाला तर एखादं पीक जाईल, पण सगळी जाणार नाहीत. घरात काही ना काही दाणे येतीलच. बियाणं विकत आणायचं नाही, हाही त्यांचा नेम. चांगलं कणीस निवडायचं, दाणे वाळवायचे, शेणामातीने लिंपलेल्या टोपलीत राख आणि कडुनिंबाचा पाला घालून ठेवायचे. वर्षभर किडा लागत नाही!

आता मला सांगा, ही माहिती कुठल्या पुस्तकात होती? कुठल्याच नाही. ती या बायांच्या डोक्यात होती. आजीने आईला सांगितली, आईने लेकीला. लिहिता येत नसलं तरी बोलता येत होतंच की! मग अशा माणसांचं ज्ञान दूरवर पोचवायचं असेल तर कुठलं साधन बरं? वही नाही, वर्तमानपत्र नाही. आवाज! म्हणजेच रेडिओ.

बायांना हे बरोबर कळलं होतं. आम्हाला आमचा रेडिओ हवा, असं त्या म्हणू लागल्या. आकाशवाणी होतीच, पण तिथली भाषा पुस्तकी. यांची बोली झहीराबादकडची, तेलुगूच पण शेजारच्या कन्नडची आणि दखनी उर्दूची झाक असलेली. शिवाय हलक्या जमिनीत राळा कसा घ्यावा, म्हैस आटली तर कुठला पाला द्यावा, हे त्यांना हवं होतं, आणि ते सांगणारी माणसं त्यांच्यातच होती.

दहा वर्षं कॅसेटवर

युनेस्कोच्या मदतीने १९९८ च्या सुमारास माचनूरला ध्वनिमुद्रणाची खोली उभी राहिली, यंत्रं आली. बाया शिकल्या. सगळं तयार! फक्त एकच गोष्ट नव्हती, ती म्हणजे परवाना. १९९५ चा निकाल लागला होता खरा, पण गावातल्या मंडळाने रेडिओ चालवावा असा नियमच अजून झाला नव्हता. परवान्याशिवाय आवाज हवेत सोडणं हा गुन्हा.

दुसरं कुणी असतं तर खोलीला कुलूप लावून घरी गेलं असतं. या बायांनी काय केलं असेल?

त्यांनी कॅसेट काढल्या. (कॅसेट म्हणजे काय ते आई-बाबांना विचारा. फीत निघाली की पेन्सिलीने गुंडाळायची गंमतही ते सांगतील.) गाणी, गोष्टी, बियाण्यांच्या गप्पा, झाडपाल्याची औषधं, सणावारांची माहिती असं सगळं त्यांनी कॅसेटवर भरलं. संघमची बैठक असली की टेपरेकॉर्डर मध्ये ठेवायचा आणि सगळ्यांनी मिळून ऐकायचं. हवेतून जाता येत नाही ना, मग पायी जाऊ! अशी दहा वर्षं त्यांनी काढली. थोडीथोडकी नाहीत, दहा! आज पहिलीत असलेलं मूल दहा वर्षांनी अकरावीत जातं, एवढा तो काळ.

याच दिवसांत काही बाया व्हिडिओ कॅमेरा चालवायलाही शिकल्या. तिथली एक गंमत सांगते. कॅमेरा वर ठेवून खालच्या माणसाकडे रोखला, तर सिनेमावाले त्याला इंग्रजीतलं नाव देतात. या बायांनी त्याला नाव ठेवलं 'पटेल शॉट'. त्यांच्याकडे पटेल म्हणजे गावचा जमीनदार. तो उंचावरून खाली बघतो ना! खालून वर बघणारा कॅमेरा म्हणजे गुलामाचा शॉट. आणि समोरासमोर, डोळ्यांच्या उंचीवर धरलेला कॅमेरा? तो 'संघम शॉट'. कारण संघममध्ये सगळ्या जमिनीवर, एका पातळीवर बसतात. कुणी उंच नाही, कुणी खाली नाही. शाळेत न गेलेल्या बायांनी तीन शब्दांत केवढा मोठा धडा सांगितला, पाहा!

अखेर लाल दिवा लागला

मधल्या काळात देशभरातली अनेक मंडळी सरकारकडे पाठपुरावा करत होती. सन २००० मध्ये पस्तापूरलाच अशा मंडळींची मोठी बैठक भरली होती. २००२ मध्ये सरकारने पहिलं पाऊल टाकलं आणि शिक्षणसंस्थांना छोटी रेडिओ केंद्रं काढायला परवानगी दिली. १ फेब्रुवारी २००४ रोजी चेन्नईच्या अण्णा विद्यापीठात असं पहिलं केंद्र सुरू झालं. नंतर नोव्हेंबर २००६ मध्ये नियम बदलला आणि गावात काम करणाऱ्या संस्थांनाही परवाना मिळू लागला. अशा रेडिओला नाव मिळालं 'सामुदायिक रेडिओ', म्हणजे त्या त्या भागातल्या लोकांनी लोकांसाठी चालवलेला.

१५ ऑक्टोबर २००८. जगभर त्या वर्षी पहिल्यांदाच हा दिवस 'ग्रामीण महिला दिन' म्हणून पाळला गेला. त्याच दिवशी माचनूरच्या केंद्रातून 'संघम रेडिओ'चा आवाज पहिल्यांदा हवेत गेला. शिक्षणसंस्थेच्या बाहेरचा, लोकांच्या संस्थेने चालवलेला हा भारतातला पहिला सामुदायिक रेडिओ. आणि उद्घाटनाला कोण आले होते, ओळखा पाहू? न्यायमूर्ती पी. बी. सावंत! तेरा वर्षांपूर्वी ज्यांनी 'लहरी जनतेच्या' असं लिहिलं, त्यांनी त्या लहरींवरून जनतेचा आवाज जाताना स्वतः पाहिला. सावंतसाहेब फेब्रुवारी २०२१ मध्ये पुण्यात वारले.

केंद्राची जबाबदारी घेतली ती दोन तरुण मुलींनी. दोघींचं नाव नरसम्मा! एकीला सगळे 'जनरल' नरसम्मा म्हणत, दुसरी अलगोलची नरसम्मा. दोघी मजुरी करणाऱ्या दलित घरांतल्या. जनरल नरसम्मा माचनूरच्याच 'पच्चसाले' या शाळेत शिकली. पच्चसाले म्हणजे हिरवी शाळा. संस्थेने कामाला जाणाऱ्या मुलांसाठी काढलेल्या या शाळेत पुस्तकांबरोबर शेती, सुतारकाम अशी हातची कामंही शिकवतात. त्या शाळेतली मुलगी पुढे माइकसमोर बसली, यंत्रांची बटणं फिरवू लागली आणि परिसरातल्या घराघरांत तिचा आवाज पोचला.

कार्यक्रमाची वेळ कुठली ठेवली असेल? संध्याकाळी सात. का? कारण दिवसभर बाया शेतात असतात. घरी येऊन चूल पेटली की कानांना जरा सवड मिळते. हात भाकरी थापताहेत आणि कान रेडिओकडे! वेळापत्रक ऐकणाऱ्यांच्या सोयीने आखलं.

कार्यक्रमात काय नसतं? पेरणीची, बियाण्यांची बोलणी असतात, गुरांच्या दुखण्यावरचे घरगुती उपाय असतात, जात्यावरची आणि कापणीची गाणी असतात, सणांच्या कथा असतात, मुलांसाठी गोष्टी असतात. पाहुणे म्हणून बोलावतात ते गावातलेच. कालपर्यंत जिला कुणी 'तुझं काय म्हणणं?' असं विचारलं नव्हतं, ती आजीबाई माइकसमोर बसून सांगते आणि आसपासची गावं कान देऊन ऐकतात. ज्या भरड धान्यांना लोक गरिबांचं खाणं म्हणून नाकं मुरडायचे, त्यांचं महत्त्व या बाया वर्षानुवर्षं सांगत राहिल्या. २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने त्यांच्या संस्थेला 'इक्वेटर पुरस्कार' दिला, आणि २०२३ हे वर्ष तर जगभर भरड धान्यांचं वर्ष म्हणून साजरं झालं!

शंभर वॅटची जादू

आता थोडं विज्ञान. एवढंसं केंद्र चालतं तरी कसं?

माइकमध्ये आपण बोललो की हवेतली कंपनं विजेच्या लहरींत बदलतात. ट्रान्समीटर नावाचं यंत्र या आवाजाला दुसऱ्या एका वेगवान लहरीच्या पाठीवर बसवतं. जणू पोराला घोड्यावर बसवलं! सामुदायिक रेडिओच्या पुष्कळ केंद्रांचा 'घोडा' ९०.४ मेगाहर्ट्झचा असतो. संघम रेडिओचाही तोच. म्हणजे ती लहर एका सेकंदात ९ कोटी ४ लाख वेळा कंप पावते. तुमच्या रेडिओचा काटा ९०.४ वर आणला की तो फक्त त्याच लहरीला पकडतो आणि पाठीवरचा आवाज उतरवून घेतो.

नियमाप्रमाणे अशा केंद्राची ताकद जास्तीत जास्त १०० वॅट. पूर्वीचा पिवळा मोठा बल्ब तेवढाच असायचा! अँटेनाचा मनोराही ३० मीटरपर्यंतच, म्हणजे साधारण दहा मजली इमारतीएवढा. एफएमच्या लहरी बऱ्याचशा सरळ रेषेत जातात. मध्ये डोंगर आला की अडतात. म्हणून मनोरा उंच हवा. आवाज दहा-पंधरा किलोमीटरपर्यंत जातो, जमीन उघडी-सपाट असेल तर थोडा पुढे.

एवढंच? हो, एवढंच! पण मुलांनो, तेवढंच पुरतं. दिल्लीच्या बाजारातला कांद्याचा भाव माचनूरच्या बाईला उपयोगाचा नाही. शेजारच्या गावच्या आठवडी बाजारातला भाव उपयोगाचा. लहान रेडिओची हीच तर खुबी.

काही जण विचारतील, परवाना कशाला लागतो? बिहारमधल्या वैशाली जिल्ह्यात मनसूरपूर नावाचं गाव आहे. तिथे राघव महातो नावाच्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्या तरुणाने जेमतेम पन्नास रुपयांत ट्रान्समीटर बनवला आणि बांबूला अँटेना बांधून केंद्र सुरू केलं! गाव खूश. पण २००६ मध्ये ते बंद करावं लागलं, कारण परवाना नव्हता. पोराची हुशारी वादातीत, पण नियमालाही कारण आहे. विमानं, पोलीस, जहाजं अशी सगळी याच हवेतून बोलतात. ज्याने त्याने वाटेल त्या लहरीवर बोलायचं ठरवलं तर चौकात सिग्नल नसल्यासारखा गोंधळ होईल. मात्र नियम असा हवा की गरिबालाही रांगेत जागा मिळावी. पस्तापूरच्या बाया एवढी वर्षं त्यासाठीच तर झगडल्या.

माणदेशात आणि समुद्रावर

आपल्या महाराष्ट्रातही असा रेडिओ आहे. सातारा जिल्ह्यातला माण तालुका म्हणजे दुष्काळाचा मुलूख. तिथल्या म्हसवडला माणदेशी फाउंडेशनने २००८ मध्येच 'माणदेशी तरंग वाहिनी' सुरू केली. लहरीचा आकडा तोच, ९०.४. चेतना सिन्हा यांनी तिथल्या बायांसाठी १९९७ मध्ये बँक उभी केली, तीच ही मंडळी. या वाहिनीवर माणदेशी बोलीत गप्पा होतात, ओव्या, गजी, भारुडं यांचा हा मुलूख, आणि पाण्याची, शेळ्या-मेंढ्यांची, शाळेचीही बोलणी होतात.

तिकडे खाली तामिळनाडूत, रामेश्वरमजवळच्या पांबन बेटावर २०१६ पासून 'कडल ओसै' हा कोळी लोकांचा रेडिओ आहे. कडल ओसै म्हणजे समुद्राचा नाद. वारं कसं आहे, लाटा किती, आज होडी घालावी की नको, ही माहिती कोळ्याच्या जिवाशी गाठ असलेली. ती त्याच्याच बोलीत, त्याच्याच माणसाच्या तोंडून मिळते.

आज देशभरात अशी पाचशेच्या आसपास केंद्रं आहेत. कुठे विद्यापीठात, कुठे शेतकऱ्यांची, कुठे डोंगरातली. सगळ्यांचं चांगलं चाललं आहे असं मात्र नाही. जाहिराती थोड्या, पैसा कमी. पाऊस-वादळात वीज जाते. स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा नाही, आकाशवाणीच्या तेवढ्या लावता येतात. निदान निम्मे कार्यक्रम त्या भागातच तयार केलेले असावेत, असाही नियम आहे, आणि तो चांगलाच आहे. शिवाय आता हातोहाती मोबाइल आले. बोट फिरवलं की सगळ्या जगाची गाणी! मग गावच्या रेडिओची गरज काय?

मुलांनो, यावर जरा विचार करा. मोबाइलवर सगळं जग आहे खरं, पण त्यात तुमच्या आजीचा आवाज कुठे आहे? तुमच्या वाडीच्या विहिरीची, तुमच्या शिवारातल्या बियाण्याची गोष्ट कुठे आहे? ती कुणीतरी सांगितली तरच राहील. नाही सांगितली, तर आजीबरोबर जाईल, आणि मग कितीही पैसे मोजले तरी परत मिळायची नाही.

दोन शब्द पालकांसाठी

माझ्या वर्गात वाड्यावस्त्यांवरून येणारी मुलं असतात. मैदानावर अखंड बडबडतात आणि वर्गात उभं केलं की गप्प. का? तर आपलं बोलणं 'अशुद्ध' आहे, असं त्यांच्या मनात बसलेलं असतं. 'गुरुजी हसतील, पोरं हसतील' ही भीती. प्रमाण मराठी यायला हवीच, ती आम्ही शिकवतोच. पण घरची बोली ही चूक नव्हे, ती मुलाची पहिली शिदोरी आहे. झहीराबादच्या बायांनी आपली बोली लपवली नाही. तीच माइकसमोर ठेवली, आणि लोकांनी ती आनंदाने ऐकली. आपलं मूल बोलीत काही सांगत असेल तर मध्येच शब्द दुरुस्त करू नका. आधी पुरतं ऐकून घ्या. ज्याचं घरात ऐकून घेतलं जातं, ते मूल चारचौघांतही बोलतं.

करून पाहा : आपल्या गावचा रेडिओ

या सुट्टीत हा उद्योग करा. चार-पाच जणांचं मंडळ जमवा आणि घरातल्या मोठ्यांचा मोबाइल ध्वनिमुद्रणासाठी मागून घ्या.

१. गावातली किंवा गल्लीतली एक म्हातारी व्यक्ती निवडा. आधी त्यांची परवानगी घ्या. त्यांना ऐकवल्याशिवाय ध्वनिमुद्रण कुणालाही पाठवायचं नाही, हे ठरवून टाका.

२. प्रश्न असे विचारा की उत्तर नुसतं 'हो-नाही' येणार नाही. 'तुम्ही बियाणं ठेवायचात का?' असं विचारू नका. 'बियाणं कसं ठेवायचात?' असं विचारा.

३. मोबाइल तोंडापासून वीतभर अंतरावर धरा. पंखा, मिक्सर, टीव्ही बंद. कोंबडा आरवला तर आरवू दे, तो गावचाच आहे!

४. आजी बोलता बोलता थांबल्या, तर लगेच पुढचा प्रश्न टाकू नका. मनात दहापर्यंत मोजा. पुष्कळदा खरी गोष्ट त्या थांबण्यानंतर येते.

५. पाच-सात मिनिटांचा कार्यक्रम तयार करा. सुरुवातीला एकाने नाव, गाव, तारीख सांगावी. मध्ये एखादी ओवी किंवा गाणं घ्या, आजींच्याच आवाजात.

६. मग सगळ्यांना ओट्यावर बोलवा आणि मिळून ऐका. ऐकून झाल्यावर चर्चा करायला विसरू नका. १९५६ चं सूत्र आठवतंय ना? ऐका, चर्चा करा, कृती करा!

परवाना नको, मनोरा नको. त्या बायांनीही सुरुवात कॅसेटपासूनच केली होती. तुमच्या पहिल्या कार्यक्रमात कोण बोललं, काय बोललं, आणि ऐकताना कुणाच्या डोळ्यांत पाणी आलं, ते आम्हाला पत्राने जरूर कळवा.